एंड म्हणजे दोरा



आजचा पाठ एका अगदी लहान शब्दाचा आहे. ई, एन, डी. एंड. तुम्ही म्हणाल, यात शिकवण्यासारखं काय आहे? पाचवीतल्या पोरालाही येतो. जुने सिनेमे संपले की पडद्यावर 'दि एंड' अशी पाटी यायची, तोच हा शब्द. अर्थ काय, तर शेवट. झाला पाठ!

मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. मी हातकणंगल्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. दर शनिवारी सकाळच्या शाळेत आठवीची शब्दार्थाची चाचणी घ्यायची ही माझी जुनी सवय. दहा शब्द, दहा मार्क, वहीचं अर्धं पान. मी फळ्यावर शब्द लिहायचे, मुलांनी त्यापुढं मराठी अर्थ लिहायचा. अशाच एका शनिवारी सातवा शब्द होता एंड. बहुतेकांनी 'शेवट' लिहिलं. दोघा-तिघांनी 'आणि' लिहिलं, त्यांच्याबद्दल पुढं सांगते. आणि एका मुलीनं लिहिलं, 'दोरा'.

मी फुली मारली. मारली ती मारली, वर वह्या वाटताना ते वर्गात वाचूनही दाखवलं. "एंड म्हणजे दोरा म्हणे! मग नीडल म्हणजे काय गं, सुरुवात?" वर्ग खो खो हसला. ती उभी राहिली, "पण मॅडम..." एवढंच म्हणाली आणि खाली बसली. मी पुढची वही उचलली.

असे विनोद आपण सगळेच करतो. वर्ग जरा हलका होतो, पोरांना झोप येत नाही. मला तर तो विनोद बरा जमला असंच वाटलं होतं. त्यानंतर त्या मुलीची उत्तरं गाईडमधल्यासारखी यायला लागली, शब्दाला शब्द. दहापैकी दहा पडायला लागले. मी मनात म्हटलं, सुधारली पोरगी.

दिवाळीनंतर ती सलग आठ-नऊ दिवस शाळेला आली नाही. वर्गशिक्षिका मीच, म्हणून एका दुपारी वडाप पकडून तिच्या घरी गेले. हातकणंगल्यातून इचलकरंजीकडं जाताना मध्ये कोरोची लागतं, त्या बाजूला एका शेडच्या मागं त्यांच्या दोन खोल्या. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इचलकरंजी आमच्याच तालुक्यात. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं त्या गावाचं महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं. आजूबाजूच्या गावांतूनही शेड उभ्या राहिल्या. त्या रस्त्यानं जाताना मागांचा खडखडाट एकसारखा कानावर असतो. नवीन माणसाला डोकं दुखेल, तिथली बाळं मात्र त्यातच झोपतात. आवाज थांबला तर जागी होतात.

वडील घरी होते. तिची आई आजारी होती, लहान भावाला सांभाळायला म्हणून पोरगी घरी राहिली होती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी. मला बघून आत गेली, पाण्याचा तांब्या आणून दिला, परत तिथंच उभी राहिली.

"या की मॅडम, बसा. च्या टाक गं," वडील म्हणाले.

मी विचारलं, "दादा, तुम्ही मागावर असता का?"

"न्हाई, माग चालवत न्हाई मी. वहीफणीला असतोय."

मला वहीफणी काय ते माहीत नव्हतं. तालुक्यात निम्मं आयुष्य गेलं, आणि वर्गातल्या चार-पाच मुलांचे वडील जे काम करतात त्याचं नावही मला नीट माहीत नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं. सायझिंगमधून खळ लावलेल्या उभ्या धाग्यांचा बीम येतो. तो मागावर चढवायच्या आधी त्यातला एकेक धागा हुकानं ओढून आधी 'वही'च्या तारेला असलेल्या डोळ्यातून आणि मग 'फणी'च्या फटीतून काढायचा. बीमच्या मागं एकजण बसतो, तो धागा सुटा करून पुढं देतो. पुढचा माणूस तो हुकानं ओढून घेतो. एकही धागा चुकून चालत नाही. चुकला तर कापडात उभी रेघ दिसते आणि माल परत येतो.

"किती धागे असतात?"

"ते बीमावर हाय. हे बघा की," म्हणून त्यांनी कोनाड्यातल्या चिठ्ठ्यांची चळत काढली. सायझिंगवाल्याची छापील चिठ्ठी, त्यावर पेनानं भरलेले आकडे. वरून तिसऱ्या ओळीत इंग्रजीत छापलेलं होतं, 'टोटल एंड्स'.

मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"मला विंग्रजी येत न्हाई," वडील सांगत होते. "हीच वाचून दावती. एंड किती, काउंट किती. सुट्टीला मागं बसून एंड सोडून पण देती. आम्ही बोलताना तारच म्हणतोय, पण चिठ्ठीवर एंड असतंय न्हवं."

ती दारात उभी होती. माझ्याकडं बघत नव्हती, चिठ्ठीकडंही नाही. भावाच्या शर्टाचं बटण लावत होती. 'बघा मॅडम, मी म्हणत होते' असं एका अक्षरानंही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

कापडाच्या धंद्यात उभ्या धाग्याला इंग्रजीत एंड म्हणतात आणि आडव्याला पिक. घरी येऊन डिक्शनरी काढली. खिशातली नव्हे, कपाटातली जाडी. अर्थांच्या लांब यादीत तो अर्थ होताच, छोट्या अक्षरात. इंचाला किती एंड, किती पिक यावरून कापडाची जात ठरते. आमच्याकडं मजुरीसुद्धा पिकावर ठरते. म्हणजे जो शब्द आमच्या तालुक्यातल्या हजारो घरांत पोट भरायच्या कामी येतो, त्याचा तो अर्थ सांगणाऱ्या पोरीला मी शून्य मार्क दिला होता. आणि ज्यांनी 'शेवट' लिहिलं त्यांना एक. त्यातल्या किती जणांनी हा शब्द कधी खऱ्या कामासाठी वाचला असेल?

दुसऱ्या दिवशी मी एंडवर तास घेतला. एक घ्यायचा म्हटला, दोन झाले. तो कसा घेतला ते सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल.

सुरुवात 'टोक' या अर्थापासून केली. दोरीला दोन एंड्स असतात. आता दोरीचे शेवट दोन कसे असतील? मुलं विचारात पडली. एकानं सांगितलं, "मॅडम, एक सुरुवात, एक शेवट." मी दोरी त्याच्या हातात दिली, म्हटलं, सुरुवात कुठली ते दाखव. त्यानं दोन्ही टोकं बघितली, उलटी करून बघितली, आणि हसला. मग क्रिकेट आलंच. वानखेडेवर एक गरवारे पॅव्हेलियन एंड, एक टाटा एंड. बोलर कुठल्या एंडकडून टाकतोय ते कॉमेंटेटर सांगतो, तेव्हा मॅच संपलेली नसते. हे मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. वर्षानुवर्षं टीव्हीवर ऐकत होती, पण शब्दार्थाच्या वहीत तो अर्थ येतो हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. टीव्हीवरचं इंग्रजी वेगळं आणि शाळेतलं वेगळं, हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं.

'डेड एंड'ला आमच्याकडं चांगलं उदाहरण आहे. मिरजेहून येणारी रेल्वे जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत कोल्हापूरला जाते आणि तिथं रूळच संपतात. 1891 साली गाडी कोल्हापुरात पोचली, तेव्हापासून ती तिथंच थांबली आहे. कोकणात वैभववाडीपर्यंत रूळ न्यायची चर्चा मात्र बरीच वर्षं ऐकतो आहोत. स्टेशनचं आजचं नाव श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. टर्मिनस म्हणजेही शेवटच. पण आमच्या मुलांच्या लेखी ते शेवटचं स्टेशन नाहीच, कारण मुंबईची गाडी तिथूनच सुटते. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मुंबईवाल्यांचा एंड हाय त्यो, आपला न्हाई." मी फळ्यावर लिहिलं तसंच.

मग 'आणि' लिहिणारे. हसू नका, हा आपल्या सगळ्यांच्या वर्गातला आजार आहे. ए-एन-डी आणि ई-एन-डी. आपल्या उच्चारात 'अँड' आणि 'एंड' यांत फारसा फरक राहत नाही, कान एकच ऐकतो. त्यामुळे पोरं निबंधात 'राम ई-एन-डी शाम' लिहितात. मी दरवर्षी ते लाल पेनानं खोडत आले. त्या दिवशी मात्र सगळ्यांना उभं करून दोन्ही शब्द म्हणून घेतले, 'अँड'ला तोंड मोठं उघडायचं, 'एंड'ला ओठ जरा पसरायचे. पंचवीस मिनिटं गेली त्यात. शेजारच्या वर्गातून सर डोकावून गेले. पुढच्या चाचणीत चूक एकानंच केली, म्हणून सांगते, करून बघा.

व्याकरणाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिच्यात मोठी माणसंही चुकतात. मराठीत आपण दोन्हीकडं 'शेवटी'च म्हणतो. 'महिन्याच्या शेवटी पैसे देतो' आणि 'शेवटी एकदाचे पैसे दिले'. इंग्रजीत पहिल्याला 'ऐट दि एंड ऑफ' लागतं, दुसऱ्याला 'इन दि एंड'. पहिलं वेळ सांगतं, ठिकाण सांगतं, आणि त्याच्यापुढं कशाचा शेवट तेही बहुतेक सांगावं लागतं. दुसऱ्यात खूप भानगडी होऊन, ओढाताण होऊन मग काय झालं ते येतं. मुलांना मी असं लक्षात ठेवायला सांगते की 'शेवटी'च्या जागी 'अखेर एकदाचं' टाकून वाक्य जमतंय का बघा. जमलं तर 'इन'. शंभर टक्के नाही चालत ही युक्ती, पण दहावीपर्यंत पुरते. तसंच 'एंड' आणि 'फिनिश'. पिक्चर एंड होतो, गृहपाठ आपण फिनिश करतो. 'आय एंडेड माय होमवर्क' हे मी इतक्यांदा वाचलंय की आता तेच बरोबर वाटायला लागलंय.

एक अर्थ आठवीला थोडा जड जातो, तरी सांगितला. एंड म्हणजे हेतू, साध्य. 'टु दिस एंड' म्हणजे 'यासाठी'. इथं माझी स्वतःची फजिती सांगितली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना गांधीजींवरच्या एका इंग्रजी लेखात 'एंड्स अँड मीन्स' असे शब्द आले. मी मराठी माध्यमाची, एंड म्हणजे शेवट आणि मीन्स म्हणजे अर्थ हे पाठ. मी वहीत लिहिलं, 'शेवट आणि अर्थ'. साध्य आणि साधन हे जोडशब्द मला मराठीत चांगले माहीत होते, भाषणात वापरायचेसुद्धा, पण ते हेच हे कळायला वर्ष गेलं. वर्गात कुणी हसलं नाही माझ्यावर, कारण मी तेव्हा कुणाला विचारलंच नव्हतं. हे ऐकून मात्र आठवीचा वर्ग खूप हसला. तीही हसली, थोडीशी.

पालकहो, तुमच्यापैकी काहींना वाटेल की एवढं मुलांना सांगून काय करायचं, परीक्षेत विचारतात का? थांबा, त्यावर येते.

शाळेतल्या संस्कृतच्या बाई स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसतात. त्यांना हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं, एंड आणि आपला 'अंत' हे भाऊ-भाऊच आहेत. खरंच आहे ते. भाषाशास्त्राची पुस्तकं हे दोन शब्द एकाच फार जुन्या मुळातून आलेले मानतात. गंमत म्हणजे त्या मुळाचा अर्थ 'पुढची बाजू, कपाळ' असा लावतात. लॅटिनमधला 'अँटे' म्हणजे आधी, पुढं, हाही त्याच घरातला. सकाळच्या वेळेपुढं आपण ए.एम. लिहितो ना, त्यातला 'ए' म्हणजे हा अँटे, 'मध्यान्हीच्या आधी'. म्हणजे सकाळ दाखवणारं अक्षर आणि शेवट दाखवणारा शब्द नात्यातले निघाले. मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं "काय सांगताय!" म्हणाले.

मग आम्ही दोघी मधल्या सुट्टीभर 'अंत' लागलेले शब्द शोधत बसलो. अत्यंत म्हणजे अति अधिक अंत, शेवटाच्या पलीकडचं. इंग्रजीत 'नो एंड ऑफ ट्रबल' म्हणतात त्याच्यासारखंच. सिद्धांत, वृत्तांत, दृष्टांत यांत काही मरत नाही. एकांत म्हणजे एकीकडचं टोक. वेदांत तर दोन्ही अर्थांनी, वेदांचा अखेरचा भागही आणि वेदांचं साध्यही, म्हणजे एंडचे दोन अर्थ एकाच शब्दात. 'प्रांत' म्हणजे मुळात कडा, सीमेकडचा भाग. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, "म्हणजे इचलकरंजीचं प्रांत ऑफिस म्हणजे एंड ऑफिस?" दाखल्यांसाठी तिथं हेलपाटे घातलेल्या पालकांना हे भाषांतर पटेल. आणि संस्कृतात वस्त्रान्त म्हणजे कापडाचा काठ, हे बाईंनी सांगितलं तेव्हा मी गप्पच झाले. तिथंही कापड होतंच.

घरी हे बोलत असताना सासूबाईंनी भर घातली. त्या म्हणाल्या, "तुमच्या इंग्रजीत सगळ्याला एंड. आपण संपलं कुठं म्हणतो?" आणि त्यांनी सांगितलेलं मी वहीत उतरवून घेतलं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. रात्री दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. डब्यातलं कुंकू संपत नाही, तेही वाढतं. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. घरातून निघताना 'जातो' नाही, 'येतो'. माझ्या माहेरी आजी नव्या धोतराची किंवा लुगड्याची दशी, म्हणजे काठाला सुटा राहिलेला धागा, काढून बीजेच्या चंद्राला वाहायची. 'जुनं घे, नवं दे' म्हणायची. सासूबाईंनाही हे माहीत होतं. दशी म्हणजे काय, तर कापडाच्या टोकाचा धागा. डिक्शनरीतले दोन अर्थ आमच्या आजीच्या चिमटीत होते.

शहरातल्या मुलांना यातलं काहीच माहीत नसतं असं म्हणायची पद्धत आहे. आमच्या वर्गात 'दुकान वाढवणे' बऱ्याच जणांना माहीत होतं. पण इंग्रजीचा तास सुरू झाला की हे घरचं मराठी ती बाहेर चपलांजवळ ठेवून येतात. कुणी सांगितलंय त्यांना तसं? मीच, शनिवारी, लाल पेनानं.

गणिताच्या सरांनीही हात लावला, त्याबद्दल त्यांचे आभार. इंचाला 72 एंड आणि कापडाचा पन्हा 48 इंच, तर बीमला एंड किती? 3456, काठाच्या ताऱा वेगळ्या. फणीच्या एका घरातून दोन-दोन तारा काढल्या तर घरं किती लागतील? 1728. हे गणित त्या मुलीनं आणि आणखी तिघांनी तोंडी सोडवलं, बाकीचे अजून पन्हा म्हणजे काय विचारत होते. त्या चौघांपैकी दोघं गणितात नेहमी काठावर पास होणारी.

आता ते परीक्षेचं. त्या पहिल्या तासाच्या शेवटी मी तिला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की त्या शनिवारी हिचं उत्तर बरोबर होतं, मी चुकले, मी हसायला नको होतं. तिची जुनी वही मागितली, फुली खोडून बरोबरची खूण करायला. ती म्हणाली,

"राहू दे मॅडम. परीक्षेत शेवटच लिहायचं ना?"

तिरकसपणे नाही म्हणाली. तिला खरंच खात्री करून घ्यायची होती. आणि मला उत्तर द्यायला जमेना. कारण 'एंड म्हणजे काय' एवढाच प्रश्न आला आणि तिनं 'उभा धागा' लिहिलं, तर तपासणारा बहुतेक फुलीच मारील. मी मारली होती. मी म्हटलं, "वाक्य बघायचं. वाक्यात काय बसतंय ते लिहायचं." ती "हां" म्हणाली. शब्दार्थाला वाक्य नसतंच, हे तिच्या लक्षात आलं होतं, तिनं फक्त दाखवलं नाही.

त्या दिवसापासून मी सुटे शब्द देणं बंद केलंय. शब्द वाक्यातच देते. दहाच्या जागी सहा देते, कारण तपासायला वेळ लागतो. काही पालकांनी तक्रार केली की शब्द कमी झाले. झाले खरे.

नंतर वाक्प्रचारांचा तास होता. 'लूज एंड्स', 'फॅग एंड' वगैरे. फॅग एंड म्हणजे मुळात कापडाच्या ताग्याचं शेवटचं जाडंभरडं टोक, हे आमच्या वर्गाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. त्यात 'मेक एंड्स मीट' आलं. कुणी म्हणालं दोन टोकं भेटवणं, कुणी म्हणालं गाठ मारणं. मी 'हातातोंडाची गाठ पडणे' लिहायला खडू उचलला होता. तेवढ्यात ती बसल्या जागेवरून म्हणाली, "भागवणं."

"म्हणजे?"

"आई म्हणती की. ह्या आठवड्याचं भागवलं कसंतरी. पुढच्या आठवड्याचं बघू."

मागावरचा पगार आठवड्याला होतो. मी खडू खाली ठेवला आणि तिला फळ्यावर लिहायला बोलावलं. तिचा अक्षर चांगलं आहे, तो शब्द दोन दिवस मी पुसू दिला नाही.

गेली काही वर्षं धंद्यात मंदी आहे, तुम्ही पेपरात वाचत असाल. जुने माग भंगारात निघालेत. तिचे वडील ज्या दोन-तीन शेडला काम करायचे त्यातली एक बंद झाली, तिथले माग वजनावर विकले गेले. परीक्षेनंतर ते दाखला न्यायला आले. गावाकडं, तिच्या आजोळी जायचं ठरलं होतं. तिथं थोडी शेती आहे, नववीची शाळा तीन किलोमीटरवर आहे, असं त्यांनी सांगितलं. ती सोबत होती. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात मी 'पालकांचे स्थलांतर' लिहिलं. मुख्याध्यापकांची सही व्हायला वेळ होता, म्हणून बाकावर बसवून त्यांना चहा दिला.

"वहीफणीचं काम तिकडं नसेल," मी म्हटलं.

"न्हाई. तिकडं ऊस. पण हितनं बोलावलं तर येतोय की मी. बीम संपत आला की जुन्या तारांस्नी नव्या बीमाच्या तारा एकेक जोडायच्या असत्यात, त्याला माणूस लागतोय. मशिनी आल्यात, पर माणूस लागतोयच."

मी विचारलं, "जुनी तार संपायच्या आधी जोडता?"

"आधीच की. फणीतनं पार निसटून गेली तर मग परत सगळी वहीफणी करावी लागती." त्यांनी हातानं दाखवलं, एका हाताच्या चिमटीत जुनं टोक, दुसऱ्या हाताच्या चिमटीत नवं, आणि मध्ये एक पीळ. तेवढ्यात शिपाई सही झालेला दाखला घेऊन आला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला, मुलीच्या हातात दिला. "वाच गं, नाव बरोबर हाय का बघ. जन्मतारीख बघ." तिनं वाचलं. सगळं बरोबर होतं.

जाताना वडील दारात थांबले. "मॅडम, एक विचारायचं होतं. त्यो एंडचा मार्क दिला न्हवं तुम्ही हिला?"

मी म्हटलं, "दिला दादा."

"हां," म्हणाले. "न्हाई, ही काय बोलली न्हाई. म्हणून विचारलं."